मदत हवी आहे: प्रवासात हॅट न चेपता कशी न्यावी?

मंडळी, माझ्याकडे दोन हॅट्स आहेत. एक लोकरीच्या फेल्टची (दाबून घट्ट केलेल्या लोकरीची), दुसरी गवती, पनामा पद्धतीची. दोन्हींची कड (माथ्याभोवतीचा पसरट भाग) साधारण ७ सेंमी रुंद. मागच्या प्रवासात फेल्टची हॅट बॅगेत ठेवली, आत मोजे कोंबले, तरी कड वाकडी झालीच. ती वाफ देऊन सरळ केली (फेल्ट वाफेने मऊ पडतं, मग हाताने आकार देता येतो). गवतीचं दुखणं वेगळं: सारखी चिमटीत धरून उचलल्यामुळे माथ्यावरची घडी तडकायला लागली आहे.

आता हॅटसाठी वेगळा डबा घ्यायचा विचार आहे. कडक कवचाचाच घ्यावा, की बॅगेला अडकवायची क्लिप पुरते? क्लिपमध्ये कड एकाच जागी दाबली जाईल, अशी मला धास्ती. डब्यात हॅट उलटी, माथ्यावर ठेवायची, की आत गोल आधार असलेला डबा बरा? कडेवर ठेवली तर कडेचा बाक जातो, एवढं अनुभवाने कळलंय. दोन्ही एकात एक बसवून नेल्या तर चालेल का? आतली पट्टी घामाने ओली असते, म्हणून डब्याला हवेसाठी भोकं हवीतच ना?

कोणी असा डबा विमानात हातातलं सामान म्हणून नेला असेल, तर त्याचं मापही सांगा.