पक्ष प्रतिनिधींची निवड: मतदानाच्या फेऱ्या आणि समान मतं

सिडकोकर_नाशिक
नमस्कार. नाशिकला पक्षाच्या जिल्हा मेळाव्यात राज्य अधिवेशनासाठी ५ प्रतिनिधी निवडायचे आहेत. उमेदवार ८, मतदार ७६. पक्षाच्या घटनेत ‘गुप्त मतदानाने, बहुमताने’ एवढंच आहे. पहिल्या फेरीत पाच जण निवडून आले नाहीत तर पुढे काय? पाचव्या जागेला समान मतं पडली तर अध्यक्षांचं निर्णायक मत चालतं का? शिवाय सुरगाणा-पेठची मंडळी संध्याकाळी लवकर निघतात.

मोजणी_टेबल
बहुमत कशाचं, हे आधी ठरवा. बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. समजा पेटीत ७४ मतपत्रिका, ३ बाद. वैध ७१, बहुमत ३६. एका पत्रिकेवर पाचपर्यंत खुणा, म्हणून एकूण मतं ३५५ पर्यंत जातील. त्या आकड्याला दोनाने भागायचं नाही.

पाचपेक्षा जास्त जणही ३६ ओलांडू शकतात. मग वरचे पाच घ्यायचे. तिघंच आले तर दुसऱ्या फेरीत पाच उमेदवार, जागा दोन, खुणा जास्तीत जास्त दोन. इथे लोक सवयीने पाच खुणा करतात आणि पत्रिका बाद होते. दुसऱ्या फेरीची पत्रिका वेगळ्या रंगाची ठेवा, वर ठळक ‘फक्त दोन’ छापा.

प्रत्येक फेरीत बहुमत नव्याने काढा. लोक निघून गेले आणि वैध ५८ उरल्या तर ३० लागतील. जुन्या ३६ ला धरून बसलात तर जागा रिकामी राहील. कोरमही (सभेला लागणारी किमान हजेरी) दर फेरीला मोजून इतिवृत्तात लिहा. कोणीच बहुमत गाठलं नाही तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार वगळून पुढची फेरी. ‘शेवटी ज्याला जास्त मतं तो’ असं सभेत ठरवू नका. घटनेत बहुमत लिहिलंय, साध्या ठरावाने ते बदलत नाही.

चिठ्ठी_आधी_नियम
समान मतांबद्दल. आधी फेरमोजणी, त्यातही बाद ठरवलेल्या पत्रिका दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींसमोर पुन्हा पाहायच्या. पहिल्या-दुसऱ्यात बरोबरी असेल तर काहीच करायचं नाही, दोघंही आलेच. पाचव्या-सहाव्यात बरोबरी असेल तर फक्त त्या दोघांत नवं मतदान. पुन्हा बरोबरी झाली तर चिठ्ठी.

अध्यक्षांचं निर्णायक मत घटनेत लिहिलं असेल तरच. नसेल तर मागू नका: त्यांनी सभासद म्हणून एकदा मत दिलेलं असतं आणि दुसरं मत उघड होतं.

चिठ्ठीत निघालेलं नाव जिंकतं की बाहेर जातं, हे चिठ्ठ्या टाकण्याआधी लेखी ठरवा. विधानसभेला बरोबरी झाली तर चिठ्ठी निघते त्याला एक मत जास्त धरतात. राज्यसभेला उलटं. २७ फेब्रुवारी २०२४ ला हिमाचलात अभिषेक मनू सिंघवी आणि हर्ष महाजन यांना ३४-३४ मतं पडली, चिठ्ठी सिंघवींची निघाली आणि महाजन विजयी झाले, कारण तिथे चिठ्ठी वगळायच्या उमेदवाराची मानली गेली. सिंघवींनी निकालाला कोर्टात आव्हान दिलं. एवढ्या मोठ्या निवडणुकीत हा वाद होतो, तर तुमच्या मेळाव्यात होणारच.

पसंतीक्रम
मंडळी लवकर जाणार असतील तर फेऱ्याच नकोत. नाशिक शिक्षक मतदारसंघात देतात तसा १, २, ३ पसंतीक्रम घ्या. मतदान एकदाच, फेऱ्या मोजणीच्या टेबलावर. पण कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, तिथला उचलू नका. तिथे जागा एक, म्हणून वैध मतं भागिले २, अधिक १. तुमच्या ५ जागांना ६ ने भागायचं: ७१ भागिले ६, बाकी सोडून ११, अधिक १, म्हणजे १२. ‘१’ नसलेली पत्रिका बाद.

फरक मोठा आहे. पाच खुणांच्या पद्धतीत ३६ जणांचं एक पॅनेल पाचही जागा नेतं, उरलेल्या ३५ जणांचा एकही प्रतिनिधी राज्यात जात नाही. पसंतीक्रमात त्या ३५ जणांना दोन जागा नक्की मिळतात. माझ्या मते हेच न्याय्य. मात्र कोट्यावरची जास्तीची मतं पुढे कशी वळवायची, ते मोजणाऱ्यांनी आधी नमुना पत्रिकांवर करून पाहायला हवं, आणि पद्धत बदलायला राज्य समितीची लेखी परवानगी लागेल.

सिडकोकर_नाशिक
आभार. पर्यायी प्रतिनिधींचा क्रम याच मतांवर लावता येईल का?

मोजणी_टेबल
एकाच फेरीत सगळे आले तरच. वेगवेगळ्या फेऱ्यांतली मतं एकमेकांशी तोलता येत नाहीत, मतदारांची संख्याच वेगळी असते. पर्यायींसाठी स्वतंत्र पत्रिका ठेवा.