मदत हवी आहे : पुढे आयबी डिप्लोमा करायचा असेल तर नववीत संस्कृत सोडावं का?

नमस्कार. आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. मुलगी सीबीएसईच्या शाळेत आठवीत आहे आणि अकरावी-बारावीला तिला आयबी डिप्लोमा (बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) करायचा आहे. तिच्या मामेबहिणीने तो केला, ती दोन वर्षं हिने जवळून पाहिली, तेव्हापासून तिचा ध्यास तोच. शाळेतून नववीच्या विषयांचा फॉर्म आलाय. शनिवारपर्यंत भरून द्यायचा आहे.

मुख्य अडचण भाषेची. आमच्या शाळेत नववीपासून इंग्रजीच्या जोडीला एकच भाषा घेता येते : हिंदी, संस्कृत किंवा फ्रेंच. मुलीला संस्कृत मनापासून आवडतं. आजीजवळ बसून सुभाषितं पाठ केलीत, आता अन्वयही स्वतःचा स्वतः लावते. पण शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या की डिप्लोमात अभिजात भाषा म्हणून लॅटिन आणि ग्रीक आहेत, संस्कृत नाही, तेव्हा आत्ताच फ्रेंच घेऊन टाका. मुलगी त्या दिवशी जेवली नाही.

दुसरं गणित. तिला गणित येतं, पण सावकाश, समजून करते. आवड भौतिकशास्त्राची आणि अर्थशास्त्राची. दहावीला बेसिक गणित (सीबीएसईचा सोपा पेपर, दुसरा स्टँडर्ड) घेतलं तर पुढे अडेल का? यजमानांचं म्हणणं, जेईईचा रस्ता बंद व्हायला नको, नववीपासूनच भंवरकुआंला कोचिंग लावू. मला दोन्ही एकत्र झेपेल असं वाटत नाही.

शिवाय कोणी सांगतं, नववीलाच आयजीसीएसईच्या (नववी-दहावीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) शाळेत घाला, नाहीतर मागे पडेल. तिथली फी आम्हाला दोन वर्षं झेपेल, चार वर्षं नाही.

एक मनातलं विचारते. मुलगी घरी मराठी बोलते, वाचते, पण शाळेत मराठी कधीच नव्हती. डिप्लोमात मराठीला काही जागा आहे का?

प्रतिसाद :

ताई, मी बडोद्याची. माझ्या मुलाने सीबीएसईतून दहावी करून डिप्लोमा केला, म्हणून सविस्तर लिहिते.

संस्कृत सोडू नका. बाईंनी सांगितलं ते बरोबर आहे, पण त्यावरून फ्रेंच आत्ताच घ्यायला हवी असं होत नाही. डिप्लोमातल्या दुसऱ्या भाषेत ‘अब इनिशिओ’ नावाचा प्रकार असतो. तो ती भाषा आधी न शिकलेल्यांसाठीच आहे, फक्त स्टँडर्ड लेव्हलला (डिप्लोमातली साधी पातळी, वरची ती हायर लेव्हल). फ्रेंच किंवा स्पॅनिश तिथे पहिल्या धड्यापासून सुरू होते. उलट नववी-दहावीत दोन वर्षं फ्रेंच केली, तर शाळा तिला ‘भाषा ब’मध्ये, म्हणजे ती भाषा आधी शिकलेल्यांच्या वर्गात, बसवू शकते आणि तो पेपर जड जातो. हिंदी तर तिची आहेच, ‘हिंदी ब’ हाही पर्याय राहतो. तुम्हाला हव्या असलेल्या शाळेत यातलं काय शिकवतात, एवढं मात्र आत्ताच विचारून घ्या, कारण सगळ्या शाळा सगळ्या भाषा ठेवत नाहीत.

दहावीला गणित मात्र सीबीएसईचं स्टँडर्डच घ्या, इथे तडजोड नको. डिप्लोमात गणिताचे दोन प्रकार आहेत, ‘अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस’ आणि ‘अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन’, आणि दोन्ही हायर व स्टँडर्ड लेव्हलला मिळतात. अभियांत्रिकीसाठी परदेशातली बरीच विद्यापीठं पहिलाच प्रकार, तोही हायर लेव्हलला मागतात. सावकाश करणारी मुलगी असेल तर मला उलट आनंदच वाटला. तिथे रीत मांडून दाखवण्याला गुण असतात. फक्त दहावीपर्यंत बीजगणिताचा हात पक्का हवा.

आयजीसीएसई सक्तीची नाही. माझ्या मुलाला विषयाचं ज्ञान कमी पडलं नाही, लिहिणं कमी पडलं. ४००० शब्दांचा विस्तारित निबंध, प्रत्येक विज्ञानात स्वतः आखलेला प्रयोग, आणि कुठलं वाक्य कुठून घेतलं ते सांगायचं. पाठांतरावर दहावी काढलेल्या मुलांना पहिली सहामाही नकोशी होते. नववीपासून महिन्याला एक निबंध तिच्या आवडत्या प्रश्नावर लिहून घ्या. पेट्रोलचे भाव, पातालपाणीचा धबधबा, काहीही चालेल, पण वाक्यं तिची हवीत. फीचे पैसे दोन वर्षं वाचवा.

जेईईबद्दल यजमानांना एवढंच सांगा : हायर लेव्हलच्या प्रत्येक विषयाला सुमारे २४० तास धरतात, स्टँडर्डला १५०, आणि असे सहा विषय. कलेचा विषय सोडून त्याजागी दुसरं विज्ञान घेता येतं, म्हणजे भौतिक, रसायन, गणित आणि अर्थशास्त्र असा संच बसतो. रस्ता बंद होत नाही. पण कोचिंगही त्याच दोन वर्षांत, हे मी तरी माझ्या मुलाला करू दिलं नसतं. डॉक्टर व्हायचं असेल तर मात्र आधी चौकशी करा. नीटला भौतिक, रसायन, जीव तिन्ही लागतात आणि डिप्लोमाच्या नेहमीच्या चौकटीत तीन विज्ञानं बसत नाहीत, शाळेला वेगळी परवानगी घ्यावी लागते.

मराठीला जागा होऊ शकते! मातृभाषेचं साहित्य शाळेच्या देखरेखीखाली स्वतः अभ्यासून देण्याची सोय आहे, स्टँडर्ड लेव्हलला, ९ साहित्यकृती, त्यातल्या काही अनुवादित. इंग्रजी साहित्याबरोबर ते घेतलं तर दुसरी परकी भाषा घ्यावी लागत नाही, आणि डिप्लोमा द्वैभाषिक मिळतो. शाळा तयार हवी, आणि मराठी वाचून घेणारं कोणी घरात हवं.

मूळ विचारणारी :

ताई, किती आभार मानू! काल रात्रीच फॉर्म भरला : संस्कृत. गणित दहावीला स्टँडर्डच. कोचिंगचं यजमानांनी दहावीच्या सुट्टीपर्यंत पुढे ढकललंय, तेही तुमचे तासांचे आकडे वाचल्यावर.

मराठीचं आजींना सांगितलं, तर त्यांनी कपाट उघडून पुस्तकं काढायला सुरुवातही केली. म्हणून आणखी एक विचारते. इथे कोणाच्या मुलाने किंवा मुलीने डिप्लोमात मराठी साहित्य असं स्वतः अभ्यासून दिलंय का? शाळेने नेमकी किती मदत केली, आणि तोंडी परीक्षेची तयारी घरी कोणी करून घेतली, हे कळलं तर आम्हाला शाळेत जाऊन नीट बोलता येईल.