भिंतीवरची बटणं काढू नका (कालच्या पोस्टला उत्तर)

चौकट
काल इथे एकाने सल्ला दिला: नव्या फ्लॅटमध्ये भिंतीवर एकही बटण ठेवू नका, दिवे-पंखे फोनवर आणि आवाजावर चालवा, वयस्कर माणसं आठवड्याभरात सरावतात. वाचून राहवलं नाही.

घर कोण वापरतं ते आधी मोजा. सकाळी येणारी कामवाली मावशी, आठ दिवस राहायला आलेले सासरे, चार वर्षांचं पोर. यांच्यापैकी कुणाच्याच फोनमध्ये तुमचं ॲप नसतं. अलेक्साला हिंदी-इंग्रजी कळतं, आजीचं ‘दिवा मालव’ तिच्या डोक्यावरून जातं.

बटण आहे तिथेच ठेवून स्मार्ट मॉड्यूल (ॲपवरून दिवा चालू-बंद करणारी छोटी डबी) त्याच्या मागे बसवता येतं. फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) मॉड्यूलला, दिव्याची वायर आउटपुटला, आणि फेज व दिव्याची वायर काढून मोकळ्या झालेल्या जुन्या बटणापासून दोन वायरी मॉड्यूलच्या एस-१, एस-२ या टोकांना. मग सेटिंगमध्ये ‘प्रत्येक दाबाला स्थिती बदल’ निवडा, म्हणजे ॲप आणि बटण दोन्ही चालतात. बॉक्स ५० मिमी तरी खोल हवा, नाहीतर वायरी दुमडून झाकण बसत नाही. पत्र्याच्या बॉक्समध्ये वायफाय अडतं, तिथे प्लास्टिकचा घ्या. आणि ‘लाइट आल्यावर काय करायचं’ हे सेटिंग ‘बंद’ वर ठेवा. नाहीतर रात्री दोनला वीज परत आली की सगळं घर उजळतं.

नवा_फ्लॅट
ती पोस्ट माझी. मला म्हातारी माणसं दिसत नाहीत असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. गुडघे धरलेल्या माणसाला बोर्डापर्यंत उठून जावं लागू नये, म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. दोन ठिकाणी नियंत्रण ठेवलं की घोळ होतो हेही लिहिलं होतं. स्मार्ट बल्ब कुणी भिंतीवरून बंद केला की तो ॲपला सापडत नाही. झिगबीचा (घरातली उपकरणं एकमेकांना बिनतारी निरोप देतात ती पद्धत) बल्ब पुढच्या सेन्सरचा निरोपही पोचवत असतो, तोही तुटतो. पॅसेज, बाथरूम, जिना इथे पीआयआर (माणसाची हालचाल टिपणारा) सेन्सर लावला तर बटण लागतंच कशाला?

चौकट
मग बल्ब साधा घ्या आणि अक्कल बटणामागे ठेवा. घोळ स्मार्ट बल्बमुळे होतो, बटणामुळे नाही.

अर्थिंग
चौकट, ‘न्यूट्रल मॉड्यूलला’ एवढं लिहून मोकळे झालात. जुन्या इमारतीत बोर्डात फेज आणि रिटर्न (बटणाकडून दिव्याकडे जाणारी वायर) एवढंच उतरतं, न्यूट्रल वर छतातच जोडलेला असतो. लोक शेजारच्या सॉकेटचा न्यूट्रल उसना घेतात. सॉकेट आरसीसीबीवर (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवर) आणि दिवे त्याच्या बाहेर असतील, तर प्रत्येक मॉड्यूलचे पाच-सात मिलिअँपिअर भलत्या वाटेने परततात. एकाने काही होत नाही. पाच बसवले की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मधूनच पडतो आणि गिझरला दोष दिला जातो. न्यूट्रल त्याच सर्किटचा घ्या.

वऱ्हाडी_वायर
‘पीआयआर लावला तर बटण कशाला’ म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात नागपूरला यावं. पीआयआर माणूस ओळखत नाही. अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला फरक हलला की तो चालतो. वरच्या मजल्यावरची पश्चिमेची भिंत दुपारी ३६-३७ अंशांवर असते, आपली कातडी ३३-३४ वर. फरक उरतोच किती? सहा मीटरवरून पकडणारा सेन्सर दोन मीटरवरही गप्प बसतो. दार उघडताच झळ थेट त्याच्यावर आली, तर माणूस नसताना दिवा लागतो. ही जाहिरातीतली घरं थंड हवेची असतात, आपली नाहीत.

नवा_फ्लॅट
मग रडार लावा. २४ गिगाहर्ट्‌झचे मिळतात, त्यांना उष्णतेशी देणंघेणं नाही. बसलेल्या माणसाचा श्वासही पकडतात.

वऱ्हाडी_वायर
श्वास पकडतो तसा पंखाही पकडतो. कूलरच्या वाऱ्याने हलणारा पडदाही. प्लायच्या पार्टिशनपलीकडून जाणारा माणूससुद्धा. संवेदनशीलता कमी केली की पंखा सुटतो आणि त्याबरोबर झोपलेली आजीही. छताला लावू नका, भिंतीवर दीड मीटरवर पंख्याकडे पाठ करून लावा, अंतराची मर्यादा खोलीच्या मापाएवढी घाला. एवढं करूनही बटण हवंच. हे माहीत नसताना लोकांना बटणं काढायला सांगणं बेजबाबदारपणा आहे.

नवा_फ्लॅट
शब्द जपून वापरा. पुण्या-मुंबईत पीआयआर बरा चालतो.

रात्रपाळी
पुण्यातही बाथरूममध्ये चालत नाही. शॉवरच्या काचेतून पीआयआरला काही दिसत नाही, आणि कमोडवर स्थिर बसलेला माणूस त्याच्या लेखी नसतोच. ओल्या फरशीवर अंधार झाला की वयस्कर माणूस पडतो. सेन्सरला फक्त दिवा लावायची मुभा द्या. घालवायचं काम बटणाचं, किंवा वीस मिनिटांनी. रात्रीच्या वाटेसाठी पलंगाखाली, जमिनीपासून ३० सेंमीवर सेन्सर आणि पिवळसर, २७०० केल्विनची १२ व्होल्टची एलईडी पट्टी. पाय खाली टेकले की लागते, डोळ्यांवर येत नाही.

लोडशेडिंग
कंपनीचा सर्व्हर गेला की काय उरतं, तेही बघा. मे २०१६ मध्ये नेस्ट या कंपनीने रिव्हॉल्व्हचे हब (घरातली स्मार्ट उपकरणं जोडणारे डबे) बंद केले, ते निकामी झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट स्विचवाल्या कंपनीचे सर्व्हर न सांगता बंद पडले. ॲप मेलं, भिंतीवरचे स्विच मात्र चालत राहिले.

नवा_फ्लॅट
बाथरूमचं मान्य. काच माझ्या लक्षात आली नव्हती. नागपूरचंही राहू द्या. पण पलंगावरून उठावं न लागण्याचा प्रश्न तुमच्यापैकी कुणीच सोडवलेला नाही, सगळे मलाच झोडताय.

चौकट
हा मुद्दा खरा आहे, मी तो टाळला. उशाशी बिनवायरीचं बटण चिकटवा, सीआर२०३२ सेलवर चालतं. मोठ्या पट्टीचं घ्या, आखडलेल्या बोटांना बारीक खटका जमत नाही. सेल उतरला तरी दारापाशीचं बटण आहेच.

अर्थिंग
प्लास्टर व्हायचं असेल तर सेलही नको. जिन्याला करतात तसं टू-वे करा: दाराशी एक, उशाशी एक, मध्ये दोन जास्तीच्या वायरी. वायरमनला आत्ताच सांगा. पीओपी झाल्यावर तो भिंत फोडायला तयार होत नाही.