घरातलं माणूस जेलमध्ये असताना: कोल्हापूरकरांचे अनुभव

माझा धाकटा भाऊ कळंबा जेलमध्ये आहे. हे वाक्य मी ऑफिसात, अपार्टमेंटमध्ये, लग्नकार्यात कुठेच उच्चारत नाही. भेटीच्या रांगेत ते उच्चारावंच लागत नाही. तिथे उभी असलेली प्रत्येक बाई कुणाची तरी आई, बहीण नाहीतर बायको असते.

मला आजवर जे कामाचं कळलं ते त्या रांगेत कळलं. कुठला कागद लागतो, जामीनदार कसा उभा करायचा, वकील परवडत नसेल तर कुठे जायचं, हे शेजारी उभ्या असलेल्या मावश्यांनी सांगितलं. पण रांगेत येईपर्यंतचे दिवस फार वाईट जातात. लाजेपायी माणूस कुणाला विचारत नाही, आणि विचारलं नाही की हक्काचं असूनही काही मिळत नाही. म्हणून हा धागा. ज्यांचं माणूस आत आहे किंवा होतं, त्यांनी लिहावं.

दोन विनंत्या. गुन्हा काय होता ते कुणी विचारू नये, कुणी सांगायची गरज नाही. नावं, केस नंबर, साक्षीपुराव्याबद्दल अवाक्षरही नको. गुन्ह्यामुळे ज्या घरांचं नुकसान झालं त्यांचं दुःख मोठं आहे, ते इथे कमी लेखायचं नाही. पण आत गेलेल्याच्या म्हाताऱ्या आईनं आणि शाळकरी पोरानं काय केलंय? त्यांच्यासाठी बोलूया.

भुदरगड तालुका, एक आई (आजी सांगतेय, नात लिहितेय)

माझा ल्योक आत हाय. कच्चा कैदी म्हंत्यात त्याला, निकाल लागायचाय अजून. पहिल्या येष्टीनं निघायचं, कळंब्याला उतरायचं, नंबर लावायचा. आधार कार्ड खरं आणि झेरॉक्स, दोन्ही जवळ ठेवायचं. मोबाइल आत न्हाई चालत. घरचा डबा घेत न्हाईत, कितीबी मायेनं भाकरी बांधली तरी न्हाई. समद्यांना नियम सारखाच हाय, त्यामुळं मनाला लावून घेऊ नका. त्यापरास मनीऑर्डर करा. ते पैसं त्याच्या नावावर पडत्यात, कँटीनमधनं साबण, तेल, बिस्किटं घेतोय.

मधी काच असती, फोनवर बोलायचं. पैल्या भेटीला दोघंबी नुसतं रडलो आणि येळ संपली. मग मी ठरवलं, रडायचं ते येष्टीत. केसचं काढलं की त्याचं त्वांड उतरतंय. केस वकील बघतोय, मी म्हशीचं सांगते. म्हस व्याली, रेडी झाली, तिच्या कपाळावर चांद हाय. मग त्यो इचारतो, "आई, खोडव्याला पाणी दिलंस का? कारखान्याचं बिल जमा झालं का?" शेजारच्या बाया काचेला हात लावून हुंदकं देत असत्यात आणि आमी दोघं उसाचं बोलतोय. परतीच्या वाटंनं बरं वाटतंय मला.

राजारामपुरी, एक पत्नी

मुलांना काय सांगायचं, हा प्रश्न मला भेटीच्या कागदपत्रांपेक्षा जड गेला. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं की पोरांना सांगायचं, पप्पा कामासाठी बाहेरगावी आहेत. मोठा तिसरीत होता. त्याला शाळेतल्याच एका मुलानं खरं सांगितलं, तेही सगळ्यांसमोर. त्या रात्री तो मला म्हणाला, "मम्मी, तुला माहीत होतं?" तेव्हापासून आमच्या घरात खोटं बोलणं बंद आहे. पप्पा जेलमध्ये आहेत, कोर्ट ठरवेल, ते तुझ्यावर प्रेम करतात. वयाला झेपेल तेवढं, पण खरं.

कारागृहात 'गळाभेट' नावाचा कार्यक्रम होतो, त्याची चौकशी जरूर करा. त्या दिवशी मध्ये काच नसते, मुलं वडिलांच्या मांडीवर बसू शकतात. माझी धाकटी सुरुवातीला जवळ गेलीच नाही. दाढी वाढली होती, तिला ओळख पटेना. शेवटी त्यांनी तिला लहानपणीच्या लाडाच्या नावानं हाक मारली. मग मात्र सोडायला तयार नव्हती.

आणि पैशांचं. आई किंवा वडील तुरुंगात असतील तर मुलांना बालसंगोपन योजनेचा लाभ मिळतो. 'क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना' असं तिचं पूर्ण नाव. दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, वयाच्या अठरा वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाकडे करायचा, मंजुरी बाल कल्याण समिती देते. मुलाचा शाळेचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि वडील कारागृहात असल्याचा कागद तयार ठेवा. घरी चौकशीला माणूस येतो. शेजाऱ्यांना कळेल म्हणून मी त्या भेटीला घाबरत होते. आलेल्या बाईंनी चहा घेतला, मुलांच्या वह्या बघितल्या आणि गेल्या. शेजाऱ्यांना तर आधीपासूनच माहीत होतं.

पुण्यात नोकरी, घर कोल्हापूरला

वडील आत आहेत. मला दर वेळी सुट्टी मिळत नाही, म्हणून मी ई-मुलाकात वापरतो. ई-प्रिझन्सच्या संकेतस्थळावर आपली आणि बंद्याची माहिती भरायची, ओटीपी येतो, कारागृहानं मंजुरी दिली की व्हिडिओ कॉलची लिंक येते. नाव आणि वडिलांचं नाव कारागृहाच्या नोंदीत जसं आहे तसंच भरा, नाहीतर अर्ज अडकतो. बाबांना कमी ऐकू येतं, पण स्क्रीनवर माझे ओठ दिसतात म्हणून प्रत्यक्ष भेटीपेक्षा त्यांना हे सोपं जातं. आईला मात्र पटत नाही. तिला प्रत्यक्षच जायचं असतं आणि मी तिला अडवत नाही.

बिंदू चौक

भाऊ काही काळ बिंदू चौकातल्या सबजेलला होता. कळंबा निदान गावाबाहेर आहे. बिंदू चौकात म्हणजे भर बाजारात, कपिलतीर्थ मंडईतनं भाजी घेऊन येणारी ओळखीची माणसं समोरून जातात. आमची आई पदर डोळ्यांपर्यंत ओढून उभी राहायची. एकदा गल्लीतल्या एक काकी थांबल्या, काही न बोलता आईच्या हातातली पिशवी घेतली आणि नंबर येईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. ज्यांच्या ओळखीत असं घर आहे त्यांनी एवढं करावं, अजून काही नको.

करवीर तालुका, एक बहीण

पुरुष आत गेला की त्याच्या भेटीला आई येते, बायको येते, बहीण येते. बाई आत गेली की रांग संपते. माझ्या ताईच्या बाबतीत सासरचे पहिल्याच आठवड्यात मोकळे झाले. माहेरचेही म्हणाले, धाकटीचं लग्न व्हायचंय, नाव काढू नका. ती धाकटी म्हणजे मी. मी जाते. आतल्या कितीतरी बायकांना वर्षानुवर्षं कुणीच भेटायला येत नाही, असं ताई सांगते. कुणाची भेट आली की तिच्याकडे सगळ्याजणी बाहेरच्या बातम्या विचारतात. पाऊस पडला का, पंचगंगेला पाणी किती आलं.

ताईची मुलगी तिच्यासोबत आत होती. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं, आणि अशा मुलांचा आहार, शिक्षण, आरोग्य यांबाबत सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली स्पष्ट निर्देश दिलेले आहेत. पण सहावं संपलं की मुलाला बाहेर यावं लागतं. हा दिवस येणार हे आधीपासून माहीत असतं, म्हणून तयारी लवकर करा. मी आधीच्या कित्येक भेटींत भाचीला फोटो दाखवायचे: हे आपलं घर, ही तुझी खाट, हा आपला मोती कुत्रा. ती घरी आली तेव्हा कुत्र्याला बघून पळाली, कारण खरा कुत्रा जवळून तिनं पाहिलाच नव्हता. आता तोच तिचा सोबती आहे. नातेवाईक नसतील तर बाल कल्याण समिती मुलाची सोय करते. पण मावशी, मामा, आजी यांपैकी कुणी जिवंत असेल तर त्यांनी पुढं यावं असं मला कळकळीनं वाटतं.

कळंब्याच्या बंद्यांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू केलेले आहेत, हे गावात बऱ्याच जणांना माहीत आहे. तो प्रसाद आपण कपाळाला लावून घेतला. तो वळणाऱ्या बाईच्या लेकीला वर्गात शेजारी बसू द्यायला मात्र आपली माणसं कचरतात.

विधी स्वयंसेवक

वरचं सगळं वाचलं. मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणासाठी काम करतो, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात. कायद्याचं थोडं सांगतो, कारण घराघरांत दागिने मोडून वकिलाचे पैसे भरलेले मी बघतो.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकिलाचा हक्क आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. बायका आणि मुलांनाही उत्पन्न न बघता हा हक्क मिळतो. फौजदारी खटल्यांसाठी 'लोकअभिरक्षक' म्हणून पूर्णवेळ वकील नेमलेले आहेत. आतला माणूस कारागृहातून अर्ज करू शकतो, घरचे कार्यालयात येऊ शकतात, १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील, हा समज सोडा.

दुसरं, जामीन मंजूर होऊनही जामीनदार किंवा ऐपतीचा दाखला नाही म्हणून माणसं आत राहतात. माझ्या मते या सगळ्यातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितलंय की जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. तुम्ही वाट बघत बसू नका, आठवडा उलटला की स्वतः या. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी आणि दंडासाठी केंद्राची २०२३ ची योजनाही आहे, तिचा अर्ज इथूनच पुढे जातो.

तिसरं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेला कच्चा कैदी, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल तर त्याला बंधपत्रावर, म्हणजे कोर्टात हजर राहण्याच्या लेखी हमीवर, सोडायची तरतूद आहे, इतरांसाठी निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरीही नाही. दिवसांचा हिशोब घरच्यांनी वहीत लिहून ठेवावा.

आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय. जामिनाच्या अर्जासाठी, अपिलासाठी रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठणं आता नको. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांचीही सोय झाली. गरिबाच्या घरात याचा अर्थ काय होतो, हे तो खर्च केलेल्यांनाच विचारा.

पन्हाळा तालुका, एक वडील

मुलाला शिक्षा लागली आहे. पक्का कैदी झाल्यावर वेगळेच शब्द शिकावे लागतात. संचित रजा म्हणजे फर्लो, शिक्षेचा ठरावीक काळ चांगल्या वागणुकीनं काढला की मिळते. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल, घरात आजारपण, मृत्यू, लग्न असं कारण असलं तर. अर्ज कारागृहातूनच जातो, पण गावाकडं पोलिसांचा चौकशी अहवाल होतो आणि जामीनदार लागतो. त्यासाठी मी आधी गावात फिरलो. पोलीस पाटलांना भेटलो, भावकीला भेटलो, ज्यांना राग होता त्यांच्याही दारात गेलो. काहींनी दार लावून घेतलं. त्यांचंही चूक नाही.

पोरगा आला तेव्हा दिवस मावळायच्या आत घरात येऊन बसायचा. आत बराकी त्याच वेळेला बंद होतात, अंगात भिनलंय. आईनं हाक मारून अंगणात जेवायला बसवलं तरी ताट घेऊन उंबऱ्याशी यायचा. आम्ही काही बोललो नाही. वेळेवर परत सोडून आलो, हे सर्वांत महत्त्वाचं. एक दिवस उशीर केला तर पुढची रजा धोक्यात.

'जिव्हाळा' कर्जाबद्दल कुणी लिहिलं नाही. शिक्षा भोगणाऱ्या बंद्याच्या घराला पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याजानं, राज्य सहकारी बँकेकडून. फेड बंद्याच्या आतल्या मजुरीतून. १ मे २०२२ ला येरवड्यात सुरू झालं. आपल्या कारागृहातल्या कल्याण विभागात विचारा. मुलगा कमावतो आणि घर चालतं, हे त्याला कळणं पैशापेक्षा मोठं आहे.

माझी इच्छा आहे की त्याची निवड आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला व्हावी. औंध संस्थानानं १९३९ साली ती वसाहत काढली, तिथं बंदी शेती करतात आणि बायकापोरांसोबत राहू शकतात. आमची सून अजून थांबली आहे.

नवीन सदस्य, इचलकरंजी

नवऱ्याला परवा रात्री नेलं. आज कोर्टात उभं केलं, पोलीस कोठडी दिली. मला काही सुचत नाही. भेटायला कधी देतील? कुठं जाऊ?

धागाकर्ती

ताई, आधी जेवून घ्या. सध्या ते पोलीस कोठडीत आहेत, त्यामुळे कळंब्याला जाऊ नका. वकिलाला त्यांना भेटायचा हक्क आहे. उद्या सकाळी कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात जा, सोबत एफआयआरची प्रत, आधार कार्ड आणि घरातलं कुणीतरी माणूस घ्या. त्यांची रोजची औषधं असतील तर चिठ्ठी आणि रिपोर्टच्या झेरॉक्स वकिलाकडे द्या, कोर्टात सांगता येतं. कुणी 'इतके द्या, आजच सोडवतो' म्हणालं तर एक रुपया देऊ नका. एमसीआर झाली, म्हणजे न्यायालयीन कोठडी मिळाली, की कुठल्या जेलला पाठवलं ते विचारून घ्या, भेटीचं मग बघू.

भुदरगडची आजी

पोरी, कळंब्याला आणलं तर बेस्तरवारी ये. मी सकाळी गेटपाशी असते, हिरवं लुगडं, हातात दुधाची किटली. फॉर्म कसा भरायचा ते माझी नात दावंल.