बायबल उघडलं की मन पळतं, रानात मात्र लागतं

जय ख्रिस्त. मी श्रीरामपूरकडची, सध्या पुण्यात नोकरी. रोज सकाळी बायबल उघडते पण चार वचनं झाली की डोक्यात ऑफिस सुरू. दिवाळीत गावी गेले तर ज्वारीच्या रानात नुसती बसले तासभर आणि जे शांत वाटलं ते कित्येक महिने प्रार्थनेत नव्हतं वाटलं. आई म्हणते झाडापानात देव शोधायचा तर मग मंडळीत (चर्चमध्ये) कशाला जायचं. चुकतंय का माझं?

काळी_माती: ताई चूक कसलं, प्रभूनेच पाखरं बघा, भूकमळं (रानफुलं) बघा म्हणून सांगितलंय की (मत्तय ६). प्रभूने सांगितलेली पेरणाऱ्याची गोष्ट, म्हणजे पेरणाऱ्याचा दाखला, मला लहानपणी पटायचा नाही, वाटायचं एवढं बी वाटेवर आणि खडकावर सांडणारा हा कसला शेतकरी 😄 आपण पाभरीने (बी ओळीत सोडणाऱ्या अवजाराने) पेरतो ना, तिकडे हाताने फोकून पेरायचे, मग पडणारच इकडेतिकडे. आता दरवर्षी तण काढताना तोच दाखला आठवतो, काट्यांनी रोप दाबलं ते वाचायला नाही लागत, समोरच दिसतं.

वसईचा_पोऱ्या: आमच्याकडे १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर सृष्टीसाठी खास प्रार्थनेचा काळ असतो, शेवटच्या दिवशी असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. मी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली की वाडीत एक चक्कर मारतो, मोबाईल घरी ठेवून. दोन्ही पाहिजे, आई पण बरोबर आहे.

द्राक्षवाला: सगळं गोड गोड चाललंय. गारपिटीने उभी बाग झोपली माझी, त्यातून कुठला धडा घेऊ सांगा.

काळी_माती: दादा, त्याला धडा बिडा म्हणायची माझी हिंमत नाही. बायबलमधल्या ईयोबाचं पण सगळं गेलं होतं, आणि त्याच्या पुस्तकात ३८ व्या अध्यायापासून देव बोलतो तेव्हा का गेलं ते सांगतच नाही, गारांचं बोलतो, रानबकऱ्यांचं बोलतो, जिथे माणूसच नाही त्या ओसाड जागेवर मी पाऊस पाडतो म्हणतो. मला आधी राग यायचा वाचून. आता एवढंच कळतं की पाऊस काही फक्त माझ्या बांधापुरता नाही.

द्राक्षवाला: अजून राग येतो मला. पण वाचतो आज परत.

(मूळ प्रश्नवाली) मी पण ईयोब काढते. रविवारी गावी चाललेय, यावेळी बायबल रानातच नेते, आईला पण नेते बरोबर.