कोपरातली नस दबली: नुसती मोकळी करायची की पुढे आणून बसवायची?

सुजाता_निपाणी
नमस्कार. इथल्या एका विडी कामगार मावशींसाठी विचारते आहे. वय ४६, कामाचा हात उजवा. सूप मांडीवर घेऊन, कोपर दुमडून रोजचे आठ-नऊ तास बसणं. सात महिन्यांपासून करंगळीत आणि अनामिकेच्या करंगळीकडच्या अर्ध्या भागात मुंग्या येतात, रात्री जास्त. दोन महिन्यांपासून पान कापताना कात्री निसटते, विडीचं तोंड मुडपायला बोटांत जोर राहत नाही. एनसीव्हीमध्ये (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी) कोपराच्या खाली वेग सेकंदाला ५५ मीटर, कोपर ओलांडताना ३७. साखर नाही. एक डॉक्टर म्हणतात नस फक्त मोकळी करू, दुसरे म्हणतात कोपराच्या हाडामागून काढून पुढे आणून बसवू. खर्चात बराच फरक आहे. कुणाचं ऐकायचं? आणि काम किती दिवस बंद राहील?

हस्तशल्य_बेळगाव
वेग ५० च्या खाली आहे आणि खालच्या भागापेक्षा १८ ने कमी आहे. म्हणजे नस कोपरातच अडकली आहे, हे रिपोर्ट स्पष्ट सांगतो. तरी ऑपरेशनची तारीख घेण्याआधी दोन गोष्टी हाताने तपासून घ्या.

पहिली, हाताच्या पाठीवर करंगळीच्या बाजूला स्पर्श कळतो का. तिथे जाणारी या नसेची फांदी मनगटाच्या ५ ते ८ सेंमी वरच वेगळी होते. पाठीवरही बधिर असेल तर दोष मनगटाच्या वर, बहुधा कोपरातच. पाठ चांगली आणि फक्त तळव्याची बाजू बधिर असेल, तर मनगटापाशीही बघायला हवं. मानेतून येणारी नस दबली तरी हीच बोटं बधिर होतात, म्हणून मान वळवून बघणंही सोडू नका.

दुसरी जास्त महत्त्वाची. कोपराच्या आतल्या हाडाच्या वर चार बोटं चाचपा. नस दोरीसारखी जाड आणि दुखरी लागली, किंवा अंगावर कुठेही स्पर्श न कळणारा फिकट चट्टा असला, तर आधी कुष्ठरोगाची तपासणी. या रोगात हीच नस सगळ्यात जास्त धरली जाते. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि उपचाराचा क्रमच बदलतो. हे न बघता चीर घेतली तर रोग तसाच राहतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. साध्या केसमध्ये दोन्ही ऑपरेशनांनी येणारा आराम जवळपास सारखाच असतो, पण नस पुढे आणताना चीर मोठी आणि जखम चिघळायची शक्यता थोडी जास्त. म्हणून पहिल्या खेपेला मी नुसती मोकळी करण्याच्या बाजूचा. अपवाद एक: कोपर दुमडताना नस हाडावरून टुणकन पुढे सरकत असेल, तर ती पुढे आणावीच लागते. जुन्या फ्रॅक्चरने कोपर बाहेर वळलेला असेल किंवा आधीचं ऑपरेशन फसलं असेल, तरीही तेच.

ऑपरेशन असं होतं. काखेजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर करतात आणि दंडाला रक्त थांबवणारा पट्टा बांधतात. आतल्या हाडामागून ६ ते १० सेंमीची चीर. कातडीच्या लगेच खाली संवेदनेची एक बारीक नस आडवी जाते. ती तुटली तर चिरेवर साडीचा पदर घासला तरी झणझणतं, आणि ही तक्रार वर्षानुवर्षं टिकते. घाईच्या हातातून हीच चूक जास्त होते. मग हाडामागचा पट्टा कापतात आणि नस जिथे मनगट वाकवणाऱ्या स्नायूच्या दोन मुळांमधून आत शिरते, तिथलं आवरण ५-६ सेंमी खालपर्यंत उघडतात. वरच्या बाजूला साधारण ८ सेंमीपर्यंत बोट घालून बघतात. नस सगळीकडून सुटी करून उचलायची नाही, तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या जागेवरच राहू द्यायच्या. शेवटी टेबलावरच कोपर पूर्ण दुमडून नस जागेवर राहते का ते बघतात. खरा निर्णय इथे होतो, म्हणून दोन्हीसाठी संमती आधीच घेतलेली बरी.

नस पुढे आणायची ठरली तर दंडातला स्नायूंमधला पडदा कापून काढावाच लागतो. तो ठेवला तर नस त्याच्या कडेवर मोडून बसते आणि महिन्याभरात दुखणं आधीपेक्षा वाढतं. ‘ऑपरेशन करूनही फरक नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच हातांत हाच पडदा किंवा खालचं आवरण राहून गेलेलं असतं.

फिजिओ_खानापूर
सरांच्या म्हणण्यात भर. मावशींना अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कागद धरायला सांगा आणि ओढा. अंगठ्याचं टोक वाकवून धरत असतील तर स्नायू थकलाय. त्याच जागी हाताच्या पाठीकडचा उंचवटा बसून खड्डा पडला असेल, तर वाट बघू नका ओ. फक्त मुंग्या असत्या तर सहा ते बारा आठवडे रात्री कोपर सरळ ठेवून बघा म्हटलं असतं. टॉवेलची दोन-तीन घड्या करून कोपराभोवती सैल गुंडाळा. कोपर ३०-४० अंशांपेक्षा जास्त वाकायला नको, पण पूर्ण ताठही नको. जोर कमी झाल्यावर टॉवेलवर महिने घालवणं चूक.

नंतरचं: नुसती मोकळी केली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कोपर हळूहळू हलवायचा, नाहीतर नस भोवतालच्या व्रणाला चिकटते. टाके १० ते १४ दिवसांनी. विडीचं काम चार आठवड्यांनी, तेही तासाला पाच मिनिटं कोपर सरळ करून. सूप मांडीवर घेण्यापेक्षा पुढे पाटावर ठेवलं तर कोपर कमी दुमडतो. नस पुढे आणली तर सहा आठवडे, आणि स्नायूखाली बसवली तर पूर्ण जोराच्या कामाला तीन महिने धरा. पाण्याच्या घागरीला तोवर दुसरा हात.

सुजाता_निपाणी
कागद ओढून बघितला, अंगठा वाकतोय. हाताच्या पाठीवरही स्पर्श कळत नाही. चट्टा नाही, नस जाड लागत नाही. खड्डा थोडासाच आहे. ऑपरेशननंतर जोर कधी परत येईल?

हस्तशल्य_बेळगाव
मग लवकर करून घ्या, महिन्याच्या आत. रात्रीच्या मुंग्या पहिल्या काही आठवड्यांत कमी होतात. नस दिवसाला साधारण १ मिलीमीटर वाढते आणि कोपरापासून हातातले स्नायू २५-३० सेंमीवर आहेत, तेव्हा जोर आठ-दहा महिन्यांनी. स्नायू वर्ष-दीड वर्ष सुकलेला राहिला तर नस पोचली तरी तो उठत नाही. मावशींच्या हाताला अजून वेळ आहे.

योजना_मदत
खर्चासाठी: बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बसतं का ते बघा. आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र घ्या, मग हॉस्पिटलच्या योजना कक्षात एनसीव्हीच्या प्रतीसह जा. कोल्हापूर किंवा मिरजेला नेणार असाल तर तिथे आपलं गाव आणि हे ऑपरेशन दोन्ही कुठल्या योजनेत येतात का, हे भरती होण्याआधी लेखी विचारा. पैसे भरून मग परतावा मागायला गेलात तर मिळणं कठीण.

सुजाता_निपाणी
पत्र उद्याच घेते. दोन्हीची संमती एकाच कागदावर मागेन.