श्रेबरच्या डोक्यात शिरून आलात म्हणे!

अर्धविराम:
श्रेबरवरच्या चित्रपटाबद्दल "हा चित्रपट थेट वेड्याच्या डोक्यात नेतो" असं परवा एकाने इथे लिहिलं, त्यावर वाहवा सुरू आहे, म्हणून हा धागा. अहो, श्रेबर म्हणजे जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा न्यायाधीश, पुढे वेड्यांच्या इस्पितळात गेलेला. डोक्यात काय चाललंय ते त्यानेच १९०३ साली पुस्तक छापून सांगितलंय. डोक्यातले आवाज अर्धी वाक्यं टाकणार, ती यानेच पुरी करायची. ते बुडवायला बिचारा पियानो बडवायचा! हे ऐकण्याचं जग आहे. पडद्यावर काय, तर हवेत तरंगणारी टंकयंत्रं.

खडूस_प्रेक्षक:
ऐकण्याचं? त्याच पुस्तकात इवलीशी माणसं त्याच्या डोक्यावर उतरतात, ते पान गाळलंत वाटतं. आणि दीड तास अर्धी वाक्यं ऐकवली असती तर तुम्हीच आधी उठला असतात. उपशीर्षकं मात्र भिकार होती.

शमा:
मूळ दोषी बाप. मुलं ताठ बसावीत म्हणून पट्टे नि सळया बनवणारा माणूस! दुसरं काय होणार?

नलूताई:
हेच ऐकून कान किटले. माझ्या भावाला वीस वर्षं आवाज येतात. पहिल्याच डॉक्टरांनी आईला विचारलं, "लहानपणी मारायचात का?" मरेपर्यंत ती स्वतःला कोसत राहिली. सगळं त्या फ्रॉइडचं पाप. श्रेबरला न भेटता, पुस्तक वाचून निदान!

शमा:
न भेटता, हे खरं. पण १९११च्या त्या लेखात त्याने बापाचं कौतुकच केलंय. पट्टे वगैरे नंतरच्यांनी उकरले. आणि श्रेबरच्या थोरल्या भावाने १८७७ मध्ये आत्महत्या केली, तो योगायोग?

नलूताई:
बरं, फ्रॉइडवर उगाच घसरले. पण दोन भाऊ म्हटलं की बापच दिसतो? रक्तातलं काही नसतंच का? तुमच्या घरात कुणी आहे असं? नसेल तर जरा जपून बोला.

शमा:
घरात नसेल तर तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे का इथे?

अर्धविराम:
अहो, चित्रपट! १९०२ मध्ये कोर्टाने त्याचे भ्रम मान्य करूनही त्याला स्वतःचा कारभार परत दिला. अपील त्याने स्वतः लिहिलेलं. आजचे तज्ज्ञ जुन्या वेषात साक्ष देतात ती कल्पना चांगली, कबूल. पण ते बोलायला लागले की तो परत 'केस' होतो.

खडूस_प्रेक्षक:
१९०७ला परत इस्पितळात गेला, तेही सांगा की. तिथेच वारला.

नलूताई:
भावाला दाखवला मी. टंकयंत्रं बघून म्हणाला, "माझे आवाज इतके देखणे असते तर चाललं असतं."

खडूस_प्रेक्षक:
बरं ताई. टंकयंत्रांपुरतं मागे घेतो. उपशीर्षकांचं नाही.